मुलांचा वाढता मायनस नंबर आणि त्यावरचं संशोधन: पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

मुलाच्या चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतो आहे आणि डॉक्टरांनी थेंब, खास काचा किंवा लेन्स सुचवल्या आहेत, अशा घरांसाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. पालकांच्या हाती बहुतेक वेळा एक टक्केवारी पडते: "साठ टक्के फायदा होतो." ती कशाची, कुणाच्या तुलनेत आणि किती वर्षांची, हे सांगितलं जात नाही. सिंगापूर, हाँगकाँग, चीन, अमेरिका आणि दिल्ली इथे मुलांवर झालेल्या चाचण्यांमध्ये प्रत्यक्ष काय दिसलं, ते इथे आकड्यांसह दिलं आहे. उपचार ठरवायचा तो अर्थातच मुलाला तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञांनी.

नंबर वाढतो म्हणजे डोळ्यात नेमकं काय होतं?

डोळा मागच्या बाजूला लांब होतो. जन्मतः नेत्रगोल साधारण १७ मिमी लांब असतो, मोठेपणी २३ ते २४ मिमी. तो गरजेपेक्षा जास्त लांब झाला की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याच्या, अलीकडेच तयार होते. मग वर्गातला फळा किंवा बसची पाटी पुसट दिसते, पुस्तक मात्र स्वच्छ दिसतं. शाळेच्या पुस्तकातली निकटदृष्टिता ती हीच. लांबी १ मिमीने जास्त वाढली, तर मुलाचा नंबर सुमारे अडीच ते तीनने वाढतो.

म्हणून संशोधक नंबराबरोबर डोळ्याची लांबीही मोजतात. नंबर तपासताना मूल डोळे बारीक करतं, फोकसचा स्नायू ताणतं, आणि पाव-अर्ध्या नंबराचा फरक सहज पडतो. लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येते. पुढच्या उत्तरांत दोन्ही आकडे येतील, आणि माझा भर लांबीवर जास्त राहील.

चष्म्याने स्वच्छ दिसतं. मग नंबर थांबवायची एवढी धडपड कशासाठी?

चष्मा प्रतिमा जागेवर आणतो, ताणलेला डोळा तसाच राहतो. डोळा लांबतो तसं दृष्टिपटल पातळ होतं. पुढे चाळिशी-पन्नाशीत पडदा सरकणं, पडद्याचा मधला भाग झिजणं, काचबिंदू आणि लवकर येणारा मोतीबिंदू यांचा धोका नंबरागणिक चढत जातो. उणे ६ आणि त्यापुढचा नंबर 'उच्च' धरतात, पण धोका सहाला अचानक सुरू होत नाही. बुलिमोर आणि ब्रेनन या संशोधकांनी २०१९ मध्ये मोठ्या लोकसंख्यांच्या पाहण्या एकत्र करून हिशोब मांडला: अखेरचा नंबर एकाने जरी कमी राहिला, तरी पडद्याच्या मधल्या भागाच्या झिजेची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. सगळी धडपड या एका नंबरासाठी आहे. नऊ वर्षांच्या मुलासाठी आज घेतलेला निर्णय त्याच्या साठीत उपयोगी पडतो. एरवी इतक्या लांबचा विचार आपण करत नाही, इथे करावा लागतो.

आलेला नंबर घालवणारा उपाय आहे का?

नाही. लांब झालेला डोळा पुन्हा आखूड करून नंबर पुसून टाकणारा उपचार आज उपलब्ध नाही. हाती आहे ते वेग कमी करणं. "नंबर उतरवून देतो" अशी जाहिरात दिसली, तर तिथून उठून यावं.

पूर्ण नंबर दिला की डोळ्याला सवय लागते, म्हणून थोडा कमीच द्यावा, असं घरातले सांगतात. खरं आहे?

या समजुतीची मलेशियात रीतसर परीक्षा झाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९४ मुलं होती. काहींना पूर्ण नंबर दिला, काहींना पाऊण नंबराने कमी. दोन वर्षांत पूर्ण नंबरवाल्यांची वाढ ०.७७ झाली, कमी नंबरवाल्यांची १.००. कमी देऊन फायदा तर झाला नाहीच, वाढ उलट जास्त दिसली. शिवाय त्या मुलांनी दोन वर्षं फळा पुसट पाहिला. आजी-आजोबांचा हेतू चांगला असतो, पण मुलाला पूर्ण नंबराचा चष्मा द्या.

बाहेर खेळल्याने नंबर टळतो, हे नुसतं सांगायचं म्हणून सांगतात का?

नाही. या क्षेत्रातल्या भक्कम निष्कर्षांपैकी हा एक आहे, आणि त्याला खर्च नाही.

ग्वांगझू शहरात १२ शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर चाचणी झाली. सहा शाळांनी रोजच्या वेळापत्रकात मैदानावरचा ४० मिनिटांचा जादा तास घातला, सहा शाळा नेहमीसारख्या चालल्या. तीन वर्षांनी मैदानाचा तास असलेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नंबर आला होता, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के. हे निकाल २०१५ चे. तैवानने २०१० पासून प्राथमिक शाळांत रोज १२० मिनिटं बाहेर, असा कार्यक्रम राबवला. तिथे शालेय मुलांमध्ये कमी दिसण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं चढत होतं, ते २०१२ मधल्या ४९.४ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ४६.१ वर आलं. उतार लहान आहे. पण चढती रेघ देशपातळीवर खाली वळली, ही या विषयात दुर्मीळ गोष्ट.

कारण बहुधा उजेडात आहे. वर्गखोलीत काही शे लक्स प्रकाश असतो, उघड्यावर दहा हजारांच्या पुढे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तेजस्वी प्रकाशाने दृष्टिपटलातलं डोपामिन वाढतं आणि डोळ्याच्या वाढीला लगाम बसतो असं दिसलं आहे. उन्हात उभं राहायची मात्र गरज नाही. तैवानच्या संशोधकांना झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीतला १,००० लक्सच्या आसपासचा प्रकाशही उपयोगी पडताना दिसला. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे महत्त्वाचं आहे: सकाळी मैदान, दुपारी हवं तर व्हरांडा, टोपी आणि पाणी. भर दुपारच्या उन्हाचा हट्ट नको.

मर्यादाही लक्षात ठेवा. बाहेर जाण्याचा फायदा नंबर यायच्या आधी स्पष्ट दिसतो. एकदा नंबर आला की वाढीचा वेग नुसत्या मैदानाने कितपत कमी होतो, याचे पुरावे तोकडे आहेत. म्हणून नंबर असलेल्या मुलाला मैदान हवंच, पण त्यावर थांबून उपचार लांबवू नका.

ॲट्रोपिनचे थेंब कुठून आले?

ॲट्रोपिन हे बेलाडोनासारख्या वनस्पतींतून मिळणारं जुनं औषध. बाहुली मोठी करून डोळा तपासायला ते दीडशेहून अधिक वर्षं वापरात आहे. जवळचं फोकस करणारा स्नायू ढिला पडतो म्हणून नंबर थांबत असावा, अशी आधी समजूत होती. कोंबडीच्या पिल्लांच्या डोळ्यात त्या स्नायूवर ॲट्रोपिनचा परिणाम होत नाही, तरी त्यांचीही डोळ्याची लांबी रोखली गेली, आणि ती समजूत मागे पडली. परिणाम दृष्टिपटल किंवा त्यामागच्या थरांतून होत असावा, असं आता मानतात.

मोठी चाचणी सिंगापूरची. ६ ते १२ वर्षांची ४०० मुलं, प्रत्येकाच्या एकाच डोळ्यावर उपचार: निम्म्यांना १ टक्का ॲट्रोपिन, निम्म्यांना नुसते, म्हणजे औषध नसलेले, थेंब. २००६ मधल्या निकालांत दोन वर्षांची वाढ नुसत्या थेंबांवर १.२० होती, ॲट्रोपिनवर ०.२८. लांबी नुसत्या थेंबांवर ०.३८ मिमीने वाढली, ॲट्रोपिनवर जवळपास स्थिर. डोळ्याची वाढ औषधाने थोपवता येते, हे यातून ठरलं.

किंमतही दिसली. १ टक्क्याच्या थेंबांनी बाहुली मोठीच राहते, उजेड सहन होत नाही, जवळचं वाचता येत नाही. थेंब बंद केल्यावर पुढच्या एका वर्षात औषध घेतलेल्या डोळ्यांचा नंबर १.१४ ने वाढला, औषध न घेतलेल्यांचा ०.३८ ने. दाबून ठेवलेली वाढ पुष्कळशी परत आली.

मग ०.०१ टक्का एवढा प्रसिद्ध कसा झाला?

त्याच सिंगापूरच्या गटाने पुढची चाचणी ०.५, ०.१ आणि ०.०१ टक्क्यांची केली. दोन वर्षांत वाढ अनुक्रमे ०.३०, ०.३८ आणि ०.४९ झाली. मग वर्षभर थेंब बंद ठेवले. तीव्र थेंबवाल्यांचा नंबर उसळला, ०.०१ वाल्यांचा फारसा नाही. तीन वर्षांची बेरीज केली तर सर्वांत कमी वाढ ०.०१ मध्ये निघाली: ०.७२, आणि ०.५ मध्ये १.१५. त्रास जवळजवळ नाही आणि शेवटी हिशोबही बरा, त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांनी ते उचललं. आपल्याकडेही हे थेंब तयार मिळू लागले.

एका गोष्टीकडे मात्र त्या वेळी पुरेसं लक्ष गेलं नाही. या दुसऱ्या चाचणीत नुसत्या थेंबांचा गटच नव्हता, आणि ०.०१ च्या गटात लांबी दोन वर्षांत ०.४१ मिमीने वाढली होती. आधीच्या चाचणीत औषध न घेतलेल्या डोळ्यांची वाढ ०.३८ होती. नंबर कमी वाढला आणि लांबी मात्र नेहमीसारखीच वाढली, हे कोडं पुढची काही वर्षं तसंच राहिलं.

ते सुटलं का?

बरंचसं, आणि तेही हाँगकाँगमध्ये. चायनीज युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ४ ते १२ वर्षांच्या ४३८ मुलांना चार गटांत विभागलं: ०.०५, ०.०२५, ०.०१ टक्के आणि नुसते थेंब. एका वर्षानंतरची नंबराची वाढ अशी होती: ०.२७, ०.४६, ०.५९ आणि नुसत्या थेंबांवर ०.८१. लांबीची वाढ ०.२०, ०.२९, ०.३६ आणि ०.४१ मिमी. मात्रा वाढली तसा परिणाम वाढत गेला, आणि ०.०१ चा लांबीवरचा परिणाम अगदी थोडा निघाला. ०.०५ ने बाहुली साधारण १ मिमीने मोठी झाली, पण बहुतेक मुलांना वाचायला अडचण आली नाही. दुसऱ्या वर्षी नुसत्या थेंबांच्या गटालाही ०.०५ देण्यात आलं. चाचणी अशा रीतीने पुढे नेणं मला फार मोलाचं वाटतं.

अमेरिकेत ०.०१ चा काहीच उपयोग झाला नाही म्हणतात. आणि भारतात?

अमेरिकेतल्या १८७ मुलांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनी ०.०१ वाल्यांची वाढ ०.८२ आणि नुसत्या थेंबवाल्यांची ०.८० होती. म्हणजे फरक शून्य. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या, तीन वर्षांच्या मोठ्या चाचणीत ०.०१ चा थोडा फायदा दिसला.

आपल्याकडे दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने वेगवेगळ्या केंद्रांत ६ ते १४ वर्षांच्या १०० मुलांवर ०.०१ ची चाचणी झाली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका वर्षात थेंबवाल्यांची वाढ ०.१६, इतरांची ०.३५. नंबरात फायदा दिसला, लांबीतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. पुन्हा तेच कोडं.

यातून मी काढलेला अर्थ असा: ०.०१ सुरक्षित आहे, पण बऱ्याच मुलांना ते कमी पडतं. ते सुरू असेल तर सहा महिन्यांनी लांबी मोजून घ्या. वाढ तशीच वेगाने चालू असेल, तर मात्रा वाढवायची की सोबत खास काचा द्यायच्या, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. "थेंब चालू आहेत" म्हणून निर्धास्त राहून दोन वर्षं जाऊ देणं सर्वांत महागात पडतं. भारतीय मुलांवरच्या चाचण्या अजून लहान आणि कमी मुदतीच्या आहेत. ०.०५ सारख्या मात्रांची इथल्या मुलांवर मोठी, दीर्घ चाचणी व्हायलाच हवी.

थेंब घालताना काय सांभाळायचं?

रात्री झोपण्यापूर्वी एक थेंब, आणि मग डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर हलका दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. बाटली लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेलेलं ॲट्रोपिन विषारी ठरू शकतं. डोळे लाल होणं, खाज, ताप किंवा छातीत धडधड वाटली तर थेंब थांबवून डॉक्टरांना कळवा. तीव्र थेंब घरच्या घरी पाणी घालून पातळ करणं घातक आहे.

थेंब कधी बंद करायचे?

अचानक नाही. मात्रा जितकी जास्त आणि मूल जितकं लहान, तितकी बंद केल्यावर उसळी मोठी, हे हाँगकाँगच्या तिसऱ्या वर्षाच्या निकालांतही दिसलं. अमेरिकेतल्या ४६९ मुलांच्या दीर्घ अभ्यासात नंबर स्थिरावण्याचं सरासरी वय साडेपंधराच्या आसपास आलं. पंधराव्या वर्षी जवळपास निम्म्यांचा थांबला होता, अठराव्या वर्षी ७७ टक्क्यांचा. दहाव्या वर्षी "दोन वर्षं झाली, आता पुरे" म्हणून थांबवणं म्हणूनच बहुधा घाईचं ठरतं.

खास काचांचे चष्मे साध्या चष्म्यापेक्षा काय वेगळं करतात?

डोळ्याची वाढ प्रतिमेच्या इशाऱ्यावर चालते, हे आधी प्राण्यांत कळलं. १९७७ मध्ये वीझेल आणि राव्हिओला यांनी पिल्लू माकडांच्या पापण्या शिवल्या, तेव्हा स्पष्ट प्रतिमा न मिळालेला डोळा लांबत गेला. पुढे ह्यूस्टनमध्ये अर्ल स्मिथ यांच्या गटाने दाखवलं की पडद्याच्या मधोमधच्या प्रतिमेइतकीच कडेची प्रतिमाही वाढीला दिशा देते. साधी मायनस काच मधली प्रतिमा नेमकी बसवते, पण कडेची प्रतिमा पडद्याच्या मागे जाऊ शकते, आणि डोळा तिच्यामागे लांबतो. नव्या काचांमध्ये मधला भाग साध्या नंबराचा असतो. भोवती शेकडो बारीक भिंगं बसवलेली असतात, ती प्रकाशाचा काही भाग पडद्याच्या पुढे आणून ठेवतात.

हाँगकाँग पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीच्या चाचणीत अशा काचांवर दोन वर्षांत नंबर ०.४१ ने वाढला, साध्या काचांवर ०.८५ ने. लांबी ०.२१ आणि ०.५५ मिमी. चीनमधल्या वेंझोऊ इथे एसिलॉरच्या स्टेलेस्ट काचांची चाचणी झाली: दोन वर्षांत ०.६६, आणि साध्या काचांवर १.४६. या काचांना अमेरिकेच्या औषध-नियामकाने सप्टेंबर २०२५ मध्ये परवानगी दिली.

वेंझोऊत आणखी एक गोष्ट दिसली, ती मी प्रत्येक पालकाला सांगतो: रोज बारा तास चष्मा घालणाऱ्या मुलांना फायदा ठळकपणे जास्त झाला. काचा महाग असतात, आणि दप्तरात पडून राहिल्या तर पैसे वाया जातात. घेण्याआधी मुलाला फ्रेम आवडते का, ती नाकावरून घसरते का, ते पाहा. चष्मा खाली सरकला की मूल चुकीच्या भागातून बघतं.

कॉन्टॅक्ट लेन्स आणि रात्री घालायच्या लेन्स?

दिवसा घालून रात्री टाकून द्यायची मायसाइट ही लेन्स अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली. ८ ते १२ वर्षांच्या मुलांमध्ये तीन वर्षांत नंबर ०.५१ ने वाढला, साध्या लेन्सवर १.२४ ने.

रात्रीच्या, म्हणजे ऑर्थो-के लेन्स झोपेत पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचा, आकार तात्पुरता सपाट करतात आणि दिवसभर चष्म्याविना दिसतं. हाँगकाँगच्या २०१२ मधल्या चाचणीत लांबीची वाढ ४३ टक्क्यांनी कमी होती. खेळाडू मुलांना त्या सोयीच्या पडतात. पण झोपेत लेन्स म्हणजे पारपटलाला जंतुसंसर्गाची भीती, आणि एक गंभीर संसर्ग कायमचा डाग ठेवून जाऊ शकतो. नळाचं, बोअरचं किंवा टाकीचं पाणी लेन्सला लागताच कामा नये. रोज रात्री हात धुऊन लेन्स स्वतः घालायला-काढायला घरात एक जबाबदार माणूस असेल, तरच या वाटेला जा. डोळा लाल झाला, दुखला की लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे.

लाल दिव्याच्या यंत्राने थक्क करणारे निकाल येतात म्हणे?

निकाल मोठे आहेत, हे खरं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या २६४ मुलांच्या चाचणीत ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश दिवसातून दोनदा तीन-तीन मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस दिला गेला. वर्षभरात लांबी ०.१३ मिमीने वाढली, हा प्रकाश न दिलेल्या गटात ०.३८ ने.

तरीही मी आज हे यंत्र कुणाला सुचवणार नाही. २०२३ मध्ये एका १२ वर्षांच्या मुलीची नजर या उपचारानंतर दोन्ही डोळ्यांनी कमी झाल्याची आणि पडद्याला इजा दिसल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. यंत्र बंद केल्यावर नजर काही प्रमाणातच सुधारली. चीनच्या नियामकाने त्याच वर्षी ही यंत्रं सर्वाधिक जोखमीच्या वर्गात टाकली. त्यांच्या प्रकाशाची प्रयोगशाळेत मोजणी करणाऱ्या संशोधकांनीही सुरक्षिततेबद्दल गंभीर शंका मांडल्या आहेत. ऑनलाइन मागवून घरी वापरू नका.

"५९ टक्के फायदा" म्हणजे नंबर ५९ टक्के कमी राहणार?

असा अर्थ काढू नका. मायसाइटच्या चाचणीतला तो आकडा तीन वर्षांचा आहे, आणि प्रत्यक्ष फरक ०.७३ नंबराचा होता. हा फरक दर तीन वर्षांनी त्याच पटीत साठत जात नाही, कारण वय वाढतं तशी उपचार न घेतलेल्यांची वाढही मंदावते. लहान वयाच्या चाचणीत टक्केवारी मोठी दिसते, आणि पहिल्या वर्षाची पुढच्या वर्षांपेक्षा मोठी असते. म्हणून विचारा: किती वर्षांत, किती मिलिमीटर, कुणाच्या तुलनेत, आणि बंद केल्यावर काय झालं?

दोष मोबाइलचाच ना?

वाटा आहे, सगळा दोष नाही. २०२५ मधल्या ४५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात रोजचा स्क्रीन एका तासाने वाढला की नंबर असण्याची शक्यता सुमारे २१ टक्क्यांनी जास्त आढळली. पण स्क्रीन वाढतो तेव्हा मैदान कमी होतं, आणि दोन्ही वेगळं करणं कठीण आहे. चीनमधल्या फेइचेंगच्या शाळांत २०२० च्या घरबंदीनंतर सहा वर्षांच्या मुलांमध्ये नंबराचं प्रमाण २१.५ टक्के आढळलं. त्याआधीच्या पाच वर्षांत ते कधीही ५.७ च्या वर गेलं नव्हतं. तेव्हा स्क्रीनही वाढला होता आणि दारही बंद होतं. तासन्‌तास डोळ्याजवळ धरलेलं पुस्तकही डोळ्यासाठी जवळचंच काम आहे. नुसता मोबाइल काढून घेऊन मुलाला क्लासला बसवलं, तर डोळ्याच्या दृष्टीने फार काही बदलत नाही.

गाजर, डोळ्यांचे व्यायाम, त्राटक?

गाजर आणि पालेभाज्या जीवनसत्त्व 'अ' साठी हव्यातच, रातांधळेपणा त्यांनी टळतो. मायनस नंबर टळत नाही. डोळ्यांच्या व्यायामांचा सर्वांत मोठा प्रयोग चीनच्या शाळांत १९६० च्या दशकापासून चालू आहे, आणि नंबर असलेल्या मुलांचं प्रमाण त्या काळात वाढतच गेलं. त्राटकाने मन एकाग्र होत असेल, डोळ्याची लांबी थांबते असा पुरावा नाही.

आपल्या मुलांत हे प्रमाण खरंच वाढतंय का?

शहरांत, हो. दिल्लीत ५ ते १५ वर्षांच्या ९,८८४ शाळकरी मुलांच्या पाहणीत १३.१ टक्क्यांना मायनस नंबर होता, आणि आठवड्याला १४ तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्यांत तो कमी होता. देशातल्या पाहण्या एकत्र करणाऱ्या २०२१ च्या अभ्यासात शहरी मुलांमधलं प्रमाण १९९९ मध्ये ४.४४ टक्के आणि २०१९ मध्ये २१.१५ टक्के निघालं. हाच कल राहिला तर २०५० पर्यंत ते ४८ टक्क्यांवर जाईल, असा त्यांचा अंदाज आहे.

थोरल्याला नंबर आहे, धाकटीला अजून नाही. तिच्यासाठी काही?

आई-वडील दोघांनाही नंबर असेल किंवा भावंडाला लवकर आला असेल, तर पाच-सहा वर्षांची असतानाच बाहुली मोठी करणारे थेंब घालून पूर्ण तपासणी करून घ्या. त्या वयात डोळ्यात थोडा प्लस नंबर शिल्लक असायला हवा. तो फार कमी उरला असेल तर ती धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. हाँगकाँगच्या गटाने नंबर न आलेल्या ४ ते ९ वर्षांच्या ४७४ मुलांना ॲट्रोपिनचे थेंब देऊन पाहिले. दोन वर्षांत नुसत्या थेंबांवर ५३ टक्क्यांना नंबर आला, ०.०१ वर ४५.९ आणि ०.०५ वर २८.४ टक्क्यांना. आशादायक आहे, तरी निरोगी डोळ्यात रोज औषध घालण्याचा निर्णय डॉक्टरांबरोबर नीट बसून घ्यायचा. रोजचे दोन तास बाहेर मात्र आजपासून सुरू करता येतात.

डॉक्टरांनी मुलाला चाचणीत सामील करता का, असं विचारलं आहे. मुलावर प्रयोग होणार?

भीती वाटणं स्वाभाविक आहे. आज आपण वापरतो ते सगळे उपाय कुणाच्या तरी मुलांनी अशा चाचण्यांत भाग घेतल्यामुळेच कळले, हेही तितकंच खरं.

भारतात अशा चाचणीची सुरुवातीआधीच 'सीटीआरआय' या सरकारी नोंदवहीत नोंद व्हावी लागते. ती नोंदवही कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. नीतिसमितीची मंजुरी लागते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक आहे. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी न्या, वाचा, दोन दिवस घ्या. सात वर्षांपुढच्या मुलाचीही संमती विचारली जाते. मूल नाही म्हणालं तर त्याचा नकार मानावा, असं मला वाटतं. कधीही बाहेर पडता येतं, आणि त्याचा नेहमीच्या उपचारावर परिणाम होता कामा नये.

आणि आमचं मूल नुसत्या थेंबांच्या गटात गेलं तर?

चिठ्ठी टाकून गट ठरतो, त्यामुळे तसं होऊ शकतं. सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: त्या गटाला किती महिने थांबावं लागेल, नंबर ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला तर मधेच उपचार देणार का, आणि चाचणी संपल्यावर औषध मिळणार का. मुलाचा नंबर आधीच फार वेगाने वाढत असेल, तर मी अशा गटाची जोखीम घेणार नाही.

लांबी कुठे मोजून मिळते?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भिंगाचा नंबर काढायला डोळ्याची लांबी मोजतातच. त्यामुळे मोतीबिंदूची ऑपरेशनं होतात अशा बहुतेक नेत्ररुग्णालयांत यंत्र असतं. डोळ्याला स्पर्श न करणाऱ्या, प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रावर मोजा, दर वेळी त्याच यंत्रावर, आणि दोन्ही डोळ्यांचे आकडे फाइलमध्ये लिहून घ्या. नंबर नसलेल्या शाळकरी मुलाचा डोळाही वर्षाला साधारण ०.१ मिमी वाढतो. तुमच्या मुलाचा त्याच्या तीन-चार पट वाढत असेल, तर चालू उपाय पुरत नाही.

लेसिक केलं की धोका गेला?

नाही. लेसिक पारपटलाला आकार देतं, चष्मा जातो. डोळा लांबच राहतो, पडदा पातळच राहतो. उणे आठचा डोळा लेसिकनंतरही पडद्याच्या दृष्टीने उणे आठचाच, म्हणून वार्षिक तपासणी सुटत नाही.

ज्यांचा नंबर आधीच मोठा आहे, त्यांनी काय करावं?

वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडद्याच्या कडेपर्यंत तपासणी करून घ्यावी. पडदा पातळ झालेल्या जागा किंवा बारीक छिद्रं वेळेत सापडली, तर बऱ्याचदा लेसरने बंद करता येतात. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं दिसलं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं किंवा सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, तर त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावं, रविवार असला तरीही. या लक्षणांत दुखत नाही, म्हणून लोक थांबतात, आणि तेवढ्यात सरकलेला पडदा मधल्या भागापर्यंत येऊ शकतो. घरातल्या मोठ्या नंबरवाल्या प्रत्येकाला, आजोबांपासून कॉलेजातल्या मुलीपर्यंत, ही चार लक्षणं सांगून ठेवा.